चुन्याची निवळी

१६ एप्रिल, रविवार

माएस्त्रोंनी आज मला त्यांच्या घराची किल्ली दिली. वर दोरा बांधून, गळ्यात घालायला. सोळा वर्षांची आहे मी. पण घातली.

माएस्त्रो म्हणजे समोरच्या घरातले विल्बेर. आयुष्यभर लोकांचे फ्रिज आणि एसी दुरुस्त केले, म्हणून अख्खी गल्ली त्यांना माएस्त्रो, म्हणजे उस्तादच म्हणते. बायको जाऊन खूप वर्षं झाली. पुढच्या खोलीत सोफा नाही, टीव्ही नाही, फक्त समुद्राच्या पाण्याची टाकी. पूर्ण भिंतभर. आत जिवंत पोवळी आहेत, काही फांद्यांसारखी, काही कोबीसारखी, एक तर आमच्या पाद्रींच्या डोक्यासारखं गोल आहे. मासे कमीच. येणारा प्रत्येक माणूस विचारतो, मासे कुठेत? माएस्त्रो म्हणतात, "मासे पाहुणे आहेत हो. घर पोवळ्यांचं आहे."

उद्या ते वियाएरमोसाला मुलीकडे चाललेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन, मग थोड्या दिवसांनी दुसऱ्याचं. तोवर टाकी माझ्याकडे. का माझ्याकडे, तर आठवीत शाळा सोडल्यापासून आमच्या टॉर्टियाच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, गिरणीतलं सकाळचं काम उरकलं की मी टाकीपाशीच जाऊन बसते. तिथे मला कुणी बोलायला लावत नाही. शाळेत उत्तर यायचं, पण बाईंनी उभं केलं की घसा बंद. पोवळी उभं करत नाहीत.

आज त्यांनी पाणी तपासायला नीट शिकवलं. छोट्या काचेच्या बाटलीत टाकीचं पाणी घ्यायचं आणि औषधाचे थेंब टाकायचे. पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं. मग एकेक थेंब मोजत जायचं. निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं. जितके थेंब, तितका केएच. केएच म्हणजे पाण्यातला तो क्षार, ज्यातून पोवळी आपली हाडं बांधतात. आठ असला पाहिजे. घसरला तर वाढ थांबते, आणखी घसरला तर पोवळी मरतात. "आणि एक मेलं ना," माएस्त्रो म्हणाले, "की पाणी नासतं आणि बाकीची मागोमाग जातात. अकरा वर्षं लागली हे उभं करायला, निदिया."

त्यांनी स्वतः थेंब टाकून दाखवले. सहाव्या थेंबाला पाणी पिवळं झालं. ते टाकतच राहिले. सात. आठ. "हं, आता झालं बघ पिवळं," म्हणाले.

मी मान हलवली.

१७ एप्रिल, सोमवार

गेले. आईने वाटेत खायला एवढा डबा दिला जसे काही चंद्रावर चाललेत.

"दोन्या एल्सी, तुमच्या टॉर्टियाशिवाय मी तिकडे वाळून जाईन," ते म्हणाले. आईला ते नेहमी मानाने दोन्या म्हणतात.

"वाळा. पोट तरी उतरेल," आई म्हणाली. मग बस सुटायला अवकाश होता तरी तीनदा विचारलं, स्वेटर घेतलाय का, बसमधला एसी हाडं गोठवतो.

मला जाता जाता म्हणाले, "रोज आकडे पाठव. लिहून नको. डोळ्यावर पट्टी असेल, मला वाचता येणार नाही. बोलून पाठव."

मुलगी वाचून दाखवेल की. हे मी मनातच म्हटलं.

दुपारी, इथे दर सोमवारी सगळ्यांकडे असतं तसं, घरी काळा घेवडा आणि डुकराचं मटण. आई दोन घास खाऊन उठली. उन्हाळ्याने भूक मेली म्हणाली.

२० एप्रिल, गुरुवार

एक गोष्ट इथे लिहून ठेवते कारण कुणाला सांगता येत नाही.

माझ्याकडे सहाच येतात. रोज. सहाव्या थेंबाला पाणी पिवळंधमक होतं. मग मला वाटतं, माझंच काहीतरी चुकतंय, कारण माएस्त्रो अकरा वर्षं हेच करतायत आणि मी चार दिवस. म्हणून मी आणखी दोन थेंब टाकते, आठ होतात, आणि आठ सांगते.

आजचा निरोप असा होता: "आठ."

त्यांचं उत्तर आलं: "वा, केवढं लांबलचक भाषण! उद्या एक शब्द वाढव. आई काय म्हणते तेही सांग."

आई काय म्हणणार? आई म्हणते टाकीचा पंप एवढा का आवाज करतो. ते कशाला सांगायचं?

२३ एप्रिल, रविवार

जांभळी शिंगं बुडापासून पांढरी पडायला लागलीत. शिंगं म्हणजे सगळ्यात मोठं पोवळं, हरणाच्या शिंगांसारखं, माएस्त्रोंचं सगळ्यात लाडकं. अंगठ्याएवढा तुकडा आणला होता, आता माझ्या हातापेक्षा लांब आहे. खाली बोटभर जागेत कातडी नाही, नुसतं हाड.

बाकी सगळं तपासलं. खारटपणा बरोबर. ऊन वाढलंय म्हणून पाणी भराभर उडतं, पण मी रोज गोडं पाणी घालते, शुद्ध केलेल्या पाण्याच्या मोठ्या बाटलीतलं. आमच्या नळाचं नाही. इथल्या नळाच्या पाण्यात दगड विरघळलेला असतो, किटलीला पापुद्रे धरतात. दिवे चालू आहेत. मासे मजेत.

माएस्त्रोंनी मला फोनवरच्या एका गटात घातलंय, "मेरिदाचे खारट लोक". टाक्या ठेवणारे सगळे. दिवसभर एकमेकांची चेष्टा करतात आणि मधेच कामाचं बोलतात. मी फक्त वाचते. आज खूप मागचं वाचत गेले. एकाने लिहिलं होतं, बुडापासून पांढरं पडलं की आधी केएच बघ.

केएच आठ आहे, मी मनात म्हटलं.

मग मनातच म्हटलं, सहा आहे.

२५ एप्रिल, मंगळवार

काल एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज पट्टी काढली आणि लगेच त्यांचा फोन. मी गिरणीत होते, हात मक्याच्या पिठाने भरलेले, आईनेच उचलला आणि फोन माझ्या कानाला धरला. स्वतःचाही कान दुसऱ्या बाजूने लावला.

"निदिया! मुलीच्या घराची भिंत पांढरी आहे! मी आल्यापासून तिला म्हणतोय किती छान पिवळा रंग दिलास. आणि आकाश! आकाश असं असतं हे मी विसरलोच होतो. सगळं गंजलेलं दिसायचं गं मला, आणि मला वाटायचं जगच जुनं झालं."

मी हात धुतले आणि फोन घेऊन मागे पोत्यांपाशी गेले. 

"माएस्त्रो," मी म्हटलं, "माझ्याकडे सहाच येतात."

"काय सहा?"

"केएच. सहाव्याला पिवळं होतं. तुम्ही शिकवलंत तेव्हापण सहाव्यालाच झालं होतं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मग आठ का सांगत होतीस?"

"तुम्ही आठ म्हणालात म्हणून."

त्यांनी असा मोठा श्वास सोडला की मला फोनवर वारा लागल्यासारखं झालं. "पोरी, मी आंधळा होतो. सगळंच पिवळं दिसणाऱ्याला निळ्याचं पिवळं कधी झालं ते काय कळणार? किती महिने मी त्या बिचाऱ्यांना उपाशी ठेवलं कुणास ठाऊक. जा, आत्ता जा आणि तपास. आणि तुला दिसेल तो आकडा सांग. मला आवडेल तो नाही."

गेले. तपासलं. पाच.

मी त्यांना सांगितलं, "पाच." आणि मग स्वतःहून आणखी एक वाक्य बोलले. "शिंगं पांढरी पडतायत, मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

२६ एप्रिल, बुधवार

केएच वाढवायची पावडर तळाशी उरलीय. नवीन मागवली तर यायला खूप दिवस लागतात, मेक्सिको सिटीहून येते. माएस्त्रो म्हणाले, आहे ती पुरवून पुरवून घाल, बघू.

बघू म्हणजे काय? शिंगांना बघू कळत नाही.

गटात मागचं मागचं वाचत बसले. तिथे प्रोग्रेसोच्या नेल्बा नावाच्या बाईंनी कुणाला तरी सांगितलेलं सापडलं: चुन्याची निवळी द्या. शुद्ध पाण्यात चुना कालवायचा, खाली बसू द्यायचा, आणि वरचं काचेसारखं स्वच्छ पाणी थेंब थेंब टाकीत सोडायचं. त्यात पोवळ्यांना हाडं बांधायला लागतं ते सगळं असतं. ऊन जेवढं पाणी उडवतं तेवढीच निवळी द्यायची, म्हणजे खारटपणाही बिघडत नाही. चुना मात्र खाण्याचा हवा, भिंतीला लावायचा नाही.

मी दोरीच्या टांगत्या झोळीत पडून वाचत होते, ताडकन उठले. खाण्याचा चुना! आमच्या गिरणीत पोत्यांनी आहे. रोज पहाटे त्यातच तर मका शिजतो.

"आई, थोडा चुना देतेस?"

"कशाला?"

"टाकीला."

"उवाय, काहीतरीच! आता ती पोवळी टॉर्टिया भाजणार?" पण वाटी भरून दिली. वर विचारलं, "तो कसा आहे? डोळा दुखतो का त्याचा?"

मी म्हटलं, मी केएचचं बोलले, डोळ्याचं नाही. आईने माझ्याकडे असं बघितलं जसं मीच बावळट.

औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आणली. मागताना तीन वेळा मनात वाक्य घोकलं. दुकानदाराने काही न विचारता दिली. फुकट घोकलं.

२८ एप्रिल, शुक्रवार

साडेपाच! पाचव्या थेंबाला नुसती पिवळ्याची झाक, पूर्ण पिवळं सहाव्याला.

बाटली टाकीच्या वर फळीवर ठेवते, नळीचं चाक फिरवून थेंब हळू सोडते. संध्याकाळपर्यंत खाली बसलेला चुना तसाच राहतो आणि वरचं सगळं संपलेलं असतं. टप, टप, टप. मी नुसती बघत बसते. बाहेर रस्ता वितळतोय आणि आत मी आणि हे टप टप. इतकं बरं वाटतं की मला भीती वाटते कुणीतरी येऊन विचारेल, तू इथे काय करतेयस.

आज आई आली विचारायला, तू इथे काय करतेयस. मला पन्नास वेळा हाक मारली म्हणे. मग स्टुलावर बसली आणि स्वतःही बघत राहिली. "हे गोल कुणासारखं दिसतं सांगू?" म्हणाली.

"पाद्रींसारखं."

आम्ही दोघी इतक्या हसलो की आईला ठसका लागला.

३० एप्रिल, रविवार

साडेसहा. रोज थोडं थोडंच वाढवायचं, एकदम नाही, हे माएस्त्रोंनी बजावलंय. पांढरं पसरायचं थांबलंय. जिथे थांबलं तिथे मी काचेवर बाहेरून पेनाने रेघ मारली. दोन दिवस रेघ तिथेच, पांढरंही तिथेच.

आई आता रोज येते. माझं जेवण घेऊन येते म्हणते, पण मी तर दुपारी घरी जेवूनच येते. आज कानातले घालून आली होती, ते सोन्याचे, लग्नातले. पप्पा कानकूनला कामाला गेले आणि तिकडचेच झाले, तेव्हापासून ते डब्यात होते. मी विचारलं, कुठे जायचंय का? म्हणाली, कानाची भोकं बुजतील म्हणून घातले.

माएस्त्रोंचा फोन आला तेव्हा मी आकडे सांगितले आणि आईने फोन मागितला. "तुम्ही डोळ्यात थेंब टाकता का वेळेवर?" पासून सुरू झालं. मी आत जाऊन गाळणी धुतली, काच पुसली, माशांना खायला घातलं, तरी चालूच.

आईला पाण्याच्या रसायनाची एवढी गोडी लागेल असं वाटलं नव्हतं. मला खरंच बरं वाटलं. घरात कुणीतरी समजून घेणारं हवं.

३ मे, बुधवार

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नाही.

आज पवित्र क्रूसाचा दिवस, म्हणजे गवंड्यांचा सण. जिथे जिथे बांधकाम आहे तिथे क्रूस सजवून उभा करतात, फटाके, बियर, जेवण. आमच्या गिरणीत पहाटेपासून टॉर्टियांची रांग. मला सुटताच येईना. मी आईला म्हटलं, तू जाऊन फक्त नळीचं चाक सोडतेस का? बाटली मी काल भरून ठेवलीय. आई म्हणाली, जाते की, त्यात काय.

आई गेली. बाटलीत वर स्वच्छ पाणी, खाली चुना बसलेला. आता गिरणीत आम्ही काय करतो? चुना बसलेला दिसला की ढवळतो. बसलेल्या चुन्यात मका शिजतच नाही. आई लहान होती तेव्हापासून तिची आई ओरडायची, ढवळ, ढवळ! तर आईने बाटली उचलली आणि दोन्ही हातांनी मस्त हलवली. दुधासारखं पांढरं झालं. मग तिला वाटलं थेंब फार हळू पडतायत, बिचारी पोवळी उपाशी, म्हणून चाक पूर्ण सोडलं. आणि दारातल्या कुंड्यांना पाणी घालत बसली.

मी पोचले तेव्हा टाकी दिसत नव्हती. भिंतीवर पांढरं धुकं होतं. पंपाच्या तोंडापाशी बर्फासारखे कण फिरत होते. मासे वरच्या कोपऱ्यात तोंड वासून. एकूण एक पोवळं मिटलेलं.

मी चाक बंद केलं. आई आत आली, हातात झारी. "काय झालं? असं का दिसतंय?"

चुन्याने पाणी किती जहाल झालंय ते बघायला मी पीएचचं औषध टाकलं. त्याचा रंग कागदावरच्या रंगांशी जुळवायचा असतो. जो रंग आला तो कागदावरच नव्हता. शेवटच्या जांभळ्याच्याही पुढचा.

माएस्त्रोंना फोन लावला. बंद. मग आठवलं, आज दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन. आत्ता, याच वेळी.

मी गट उघडला. लिहायला घेतलं तर बोटं चुकत होती, ओल्या हाताला पडदा जुमानत नव्हता. मासा एक आडवा झाला. मी बोलायचं बटण दाबलं आणि तीनशे अनोळखी लोकांना ओरडून सांगितलं:

"मी निदिया, माएस्त्रो विल्बेरच्या टाकीपाशी आहे, माझ्याकडून चुन्याचं गढूळ पाणी टाकीत गेलंय, जवळजवळ अर्धी बाटली, पीएच रंगाच्या पुढे गेलाय, सगळं मिटलंय, काय करू, कुणीतरी सांगा, ते ऑपरेशनला आत आहेत, ही टाकी मरता कामा नये!"

आई म्हणाली, "तुझ्याकडून कुठे, मी..." मी हाताने गप्प केलं. आईला गप्प केलं मी!

लगेच उत्तर आलं. नेल्बाबाई. पाठीमागे पोपट किंचाळत होता.

"पोरी, आधी रडणं थांबव, तुझं ऐकू येतंय पण कळत नाहीये. नळी बंद केलीस ना? शहाणी. आता दुकानात जा आणि सोडा आण. साधा सोडा, लिंबाचा नको, साखरेचा नको. माझ्या नवऱ्यासारखा फक्त बुडबुड्यांनी भरलेला. एक पेला, पंपाच्या धारेत, हळू, त्यातला वायू चुन्याचा जोर मोडतो. मग थांब. पीएच बघ. मग परत एक. घाईने खाली आणलास तर जे चुन्याने मेलं नाही ते तुझ्या सोड्याने मरेल. कळलं? आणि मला प्रत्येक वेळी आकडा सांगायचा. बोलून."

आई सोडा आणायला धावली. आईला धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यावर गवंड्यांची मैफल चालू होती, त्यांच्या टेबलावरून सोड्याच्या बाटल्या सरळ उचलून आणल्या. मागून एक गवंडी आला, "दोन्या, तो आमचा सोडा..." आणि टाकी बघून दारातच थांबला. टोपी काढली. कुणी गेलं असं वाटलं असेल.

पेला. थांबा. तपासा. "अजून जांभळा." पेला. थांबा. "जांभळाच, पण कागदावरचा." नेल्बाबाई म्हणाल्या, "आता आलीस रस्त्यावर. हळू." गवंडी बाटल्या उघडून देत होता. बाकीचे लोक गटात बोलत होते, दुसरा पंप वरच्या बाजूला तोंड करून लाव, हवा खेळू दे, खिडक्या उघड. मी सगळ्यांना उत्तरं देत होते. एकेकाला नावाने.

दुपार कलली तेव्हा धुकं खाली बसायला लागलं होतं. आडवा झालेला मासा उभा होता.

४ मे, गुरुवार

सकाळी गिरणीत न जाता सरळ तिकडे गेले. आईनेच सांगितलं जा.

पीएच जागेवर. पाणी स्वच्छ. कोबी उघडलाय, पाद्री उघडलाय. एक कोळंबी मेली. शिंगांची एक फांदी, वरची, सोलवटलीय, ती वाचणार नाही. बाकीच्या फांद्यांवर ठिपके, म्हणजे पोवळ्यांची बारीक तोंडं, अजून मिटलेले. तासन्‌तास बघत बसले तेव्हा एक ठिपका उघडला. मग शेजारचा.

आई आली आणि स्टुलावर बसली. मी म्हटलं, "अगं कोळंबीच गेली ना. आणि एक फांदी."

"अकरा वर्षं," आई म्हणाली. "त्याची अकरा वर्षं मी एका हाताने हलवून टाकली." आणि रडली. पप्पा गेले तेव्हाही मी आईला रडताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या पोवळ्यांसाठी एवढं! आई मनाने किती हळवी आहे हे मला माहीतच नव्हतं.

मी म्हटलं, त्यांना सांगू की माझ्याकडून झालं. गटात तेच सांगितलंय. माझ्यावर ते चिडणार नाहीत.

"तू गप्प बस," आई म्हणाली. "मी सांगणार."

अंगणात जाऊन फोन लावला. मी खिडकीतून बघत होते. आधी आई उभी होती, मग येरझारा घालत होती, मग लिंबाच्या झाडाला टेकली, मग पान तोडून चुरगळत हसत होती. हसत होती! आत आली तेव्हा डोळे लाल आणि चेहरा उजळलेला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, गिरणीवालीच्या हातात चुना दिला तर ती हलवणारच."

"एवढंच? एवढा वेळ?"

"एवढंच," आई म्हणाली.

१० मे, बुधवार

केएच साडेसात. सोलवटलेली फांदी हाडकापर्यंत गेली, पण ती पुढे पसरत नाही. मेलेला भाग मी नेल्बाबाईंनी सांगितलं तसा कात्रीने कापून काढला, पाणी नासायला नको म्हणून. कापताना डोळे मिटावेसे वाटत होते, पण मग सरळ कापता आलं नसतं.

नेल्बाबाई आता रोज पोपटासकट विचारपूस करतात. गटात एकाने विचारलं, ही निदिया कोण, आधी कधी दिसली नाही. त्या म्हणाल्या, ती ऐकत होती, तुम्ही बडबडत होता.

आज मातृदिन. मी आईला फुलं दिली. आणि दुपारी बेकरीचा मुलगा एक केक घेऊन आला, वर लिहिलेलं, दोन्या एल्सींना. माएस्त्रोंनी फोनवरून सांगून पाठवलेला. टाकीची काळजी घेतल्याबद्दल असणार. खरं तर काळजी मी घेते आणि आईने ती जवळजवळ मारली होती, पण असो, केक तीन प्रकारच्या दुधात भिजवलेला होता, आणि जास्त मीच खाल्ला. आई नुसती त्यावरचं नाव बघत होती. ते कापूच देईना.

१३ मे, शनिवार

माएस्त्रो आले. टॅक्सीतून उतरले, मोठा काळा चष्मा, वजन वाढलेलं. आईचा अंदाज चुकला.

सरळ टाकीपाशी गेले. पडदा ओढायला सांगितला आणि चष्मा काढला. मी मागे उभी. ते एकेक फांदी न्याहाळायला लागले तशी मीच म्हटलं, "वरची फांदी गेली. मी कापली."

"दिसतंय."

"बुडाकडचं पांढरं होतं तिथेच थांबलंय. त्याच्यावर कडेने नवी कातडी येतेय, इथे, बारीक. आणि ह्या टोकांना बघा, पांढरट आहेत, पण ते मेलेलं नाही, ती वाढ आहे. तीन टोकं. काल दोनच होती."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग परत टाकीकडे. "हे जांभळं," ते म्हणाले, "हे कायम एवढं जांभळं होतं?"

"हो."

"आणि तो मासा निळा आहे?"

"हो. तुम्ही काळा म्हणायचात."

"देवा," म्हणाले, आणि काचेला हात लावून हसायला लागले. हसता हसता डोळ्यातून पाणी आलं तसं मी ओरडले, डॉक्टरांनी डोळे ओले करायचे नाहीत म्हणून सांगितलंय! हो, ओरडलेच.

डॉक्टरांनी आणखी काय काय बजावलंय तेही मग त्यांनी सांगितलं. दोन महिने वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, खाऱ्या पाण्यात हात घालून डोळ्याला लावायचा नाही. "म्हणजे टाकी तुझीच. मी स्टुलावर बसून बघणार. मला बघायचंय सगळं. आणि दोन महिन्यांनीही मी परत मागेन असं वाटत नाही. मी हिला अकरा वर्षं सांभाळलं, पण तू हिचं ऐकून घेतेस."

मी उगाच नळीचं चाक तपासायला गेले. त्याला काहीच झालं नव्हतं.

तेवढ्यात आई डबा घेऊन आली. दारात थांबली. आपली नेहमीचीच आई, नेहमीचा झगा, कपाळाला थोडं पीठ. माएस्त्रो बघत राहिले. टाकीकडे बघत होते तसेच.

"एल्सी," ते म्हणाले. दोन्या गाळून. "हा झगा हिरवा आहे?"

"मग? तुम्हाला काय वाटत होतं?"

"राखाडी."

"राखाडी!" आई डबा आपटून म्हणाली. "तीन वर्षं मी हा हिरवा झगा घालून तुमच्या दारावरून जातेय!"

आणि लाल झाली, कानापर्यंत. एवढं काय चिडायचं त्यात? मोतीबिंदू होता त्यांना.

मग जेवलो तिघं, टाकीसमोर, ताटं मांडीवर घेऊन. आईने जाहीर केलं की उद्यापासून दुपारचा डबा ती इकडेच आणणार, माणूस दोन महिने वाकू शकत नाही तर स्वयंपाक कसा करेल. मी म्हटलं, आई, माझ्यासाठी कशाला त्रास, मी दुपारी घरी येतेच जेवायला.

"तू ये की घरी," आई म्हणाली. "डबा इकडे येईल."

माएस्त्रोंना ठसका लागला. मी उठून पाणी दिलं. त्यांना वाकायचं नाहीये ना, आता सगळं मलाच बघायला लागणार.